खड्डा आमच्या नावाचा

वेण्णा मेढ्यातून वाहते आणि पुढं कण्हेर धरणाला मिळते. तरी २०२५ च्या मे महिन्यापर्यंत आमच्या घरात नळ नव्हता. मुख्य पाइप रस्त्याच्या पलीकडं, घर अलीकडं. मध्ये सात मीटर डांबर.

गल्लीतल्या प्रत्येकाकडं एकच सल्ला होता. "रात्री अकरानंतर जेसीबीवाल्याला बोलव. दोन तासांचं काम. सकाळी वर मुरूम टाकायचा. कोण इचारतंय?" खोटं नव्हतं. गावातल्या रस्त्यांवरच्या आडव्या पट्ट्या मोजत गेलात, तर कुणाकुणाकडं नळ आला ते न विचारता कळतं.

आण्णा ऐकेनात. माझे वडील तीस वर्षं मुंबईत माथाडी होते, आमच्या जावळीतल्या कितीतरी बाप्यांसारखे. मशीद बंदरला असताना एका रात्री त्यांच्या जोडीदाराच्या हातगाडीचं चाक अर्धवट बुजवलेल्या चरात गेलं आणि गाडी त्याच्या पायावर आली. टोळीतले लोक पुढं महिनाभर विचारत फिरले, हा चर खणला कुणी? पाण्यावाल्यांनी, विजेवाल्यांनी, की फोनवाल्यांनी? प्रत्येकानं दुसऱ्याकडं बोट दाखवलं. "पाय गेला त्याचं हायच," आण्णा म्हणायचे, "पर खड्डा कुणाचा तेच कळंना."

म्हणून परवानगी काढायची. काढायची म्हणजे मी काढायची. घरात पदवीधर मी एकटाच.

नळ देणाऱ्या कचेरीत सांगितलं, नळ देतो, पण रस्ता आमचा नाही. तिकडून ना-हरकत आणा. रस्ता सांभाळणाऱ्या कचेरीत सांगितलं, नळ मंजूर असल्याचं पत्र आणा, मग ना-हरकत. तीन आठवडे मी या दोन टेबलांच्या मध्ये होतो. शेवटी रिटायरमेंटला आलेल्या एका क्लार्क मावशींनी चष्म्यावरून बघत सांगितलं, "अरे बाळा, 'ना-हरकतीच्या अधीन राहून मंजूर' असं लिहून माग की." एवढंच. एका वाक्यानं गाठ सुटली.

मग नकाशा. सकाळी सहा वाजता मी आणि आई टेप धरून रस्त्यावर. महाबळेश्वरकडं निघालेली एसटी समोर येऊन थांबली आणि ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून विचारलं, "रस्ता इकत घेताय का काय?" आईनं टेपचं टोक सोडलं नाही. मी आलेखाच्या कागदावर मध्यरेषा काढली, अंतरं लिहिली, खोली लिहिली. स्टॅम्पवर हमीपत्र झालं, चलन भरलं, अनामत भरली.

याच दिवसांत एक फायबरवाली गाडी आली आणि डांबराला धक्का न लावता मशिननं खालून भोक पाडून केबल ओढून गेली. मी नंतर वाचलं, टेलिफोनच्या तारांसाठी केंद्रानं २०१६ सालीच नियम केले होते. अर्ज दिला आणि साठ दिवसांत निर्णय झाला नाही, तर परवानगी मिळाली असं समजायचं, असं त्या नियमांत होतं. खणण्याआधी खाली काय पुरलंय ते कळावं म्हणून 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अ‍ॅपही मार्च २०२३ मध्ये आलं. आमच्या जेसीबीवाल्याचं अ‍ॅप म्हणजे गावातला म्हातारा प्लंबर. त्यानं चपलेच्या टोकानं रेघ ओढली आणि म्हणाला, "हितनं न्या, हितं केबल न्हाय." नव्हती.

पत्र हातात आलं तेव्हा मे अर्धा संपला होता. अटींची यादी लांब होती. एका वेळी अर्धाच रस्ता खणायचा. रात्री लाल दिवा लावायचा. नळाच्या पाइपाबाहेर मोठा पाइप घालायचा. माती थराथरानं भरायची, प्रत्येक थरावर पाणी मारून धुमसानं ठोकायचं. अर्जदाराचं नाव आणि नंबर असलेला फलक लावायचा. आणि सगळं पावसाळ्याआधी.

पावसाळा यायला अजून वेळ आहे, असं कॅलेंडर सांगत होतं. त्या साली मान्सून २६ मे रोजी मुंबईत पोचला, गेल्या कित्येक दशकांत इतक्या लवकर तो आला नव्हता. आणि त्याच्याही आधीपासून आमच्याकडं वळीव कोसळत होता. पहिला अर्धा रस्ता आम्ही अटींप्रमाणं केला. दुसऱ्या अर्ध्याच्या दिवशी दुपारी आभाळ फाटलं. चरात गुडघाभर पाणी. जेसीबीवाला म्हणाला, "दादा, ढकलू का सगळं?" मी म्हणालो, ढकल. थर नाही, धुमस नाही. आण्णा तेव्हा साताऱ्याला डॉक्टरकडं गेले होते. हे मी त्यांना सांगितलं नाही.

नळाला पाणी आलं. आईनं तोटीला हळदकुंकू लावलं.

आठवड्याभरात पट्टी खचली. पहाटे दूधवाल्या काकांची मोटारसायकल त्यात गेली, मनगट मोडलं. ते दवाखान्यात जायच्या आधी आमच्या दारात आले. शोधावं लागलंच नाही, फलकावर नाव होतं.

"ह्यो खड्डा तुमचाच न्हवं?"

मी काहीतरी पावसाबद्दल बोलायला लागलो. आण्णांनी मला हातानं मागं सारलं. "व्हय, आमचाच. आत या, आदी बसा."

प्लास्टरचा आणि बुडालेल्या दिवसांचा खर्च आम्ही दिला. मग आण्णांनी ती अर्धी पट्टी पुन्हा उकरायला लावली. भर पावसात, बासष्टाव्या वर्षी, डोक्यावर खताचं पोतं घेऊन ते धुमस मारत होते. मी दुसऱ्या बाजूला. ते माझ्याशी चकार शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

ऑक्टोबरमध्ये बातमी आली. खड्ड्यात किंवा उघड्या मॅनहोलमध्ये जीव गेला तर वारसांना ६ लाख, जखमींना ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्या, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयानं दिला होता. मी ती आण्णांना फोनवर वाचून दाखवली. त्यांनी दोनदा वाचायला लावली. जोडीदाराचं नाव घेतलं, आणि चहा मागितला.

अनामत अजून परत मिळालेली नाही. पाहणी व्हायची आहे. दिवाळीनंतर आमच्या पट्टीपासून दहा पावलांवर कुणीतरी रात्रीत नवा चर खणला आणि वर मुरूम टाकून मोकळं झालं. तिथं कुणाची गाडी आपटली की लोक आमच्याच दारात येतात. फलक काढायचा राहून गेलाय, आणि आण्णा काढू देत नाहीत.