लाखाचा पडदा, घरातला उजेड

मध्यमवर्गीय घरात मोठी वस्तू आणायची म्हटली की आधी चर्चा होते, मग हिशेब होतो आणि हिशेबानंतर पुन्हा चर्चा होते. फ्रिज आला तेव्हा हेच झाले, रंगीत टीव्ही आला तेव्हाही हेच. पण त्या वस्तू साऱ्या घराच्या होत्या. डोंबिवलीतल्या एका कुटुंबात जिच्यावरून महिनाभर चर्चा चालली, ती वस्तू मात्र एकट्याची होती. संगणकावर खेळ खेळण्यासाठीचा, दोन्ही कडांनी आत वळलेला, लाखाच्या आसपास किंमत असलेला ओएलईडी मॉनिटर!

मुलगा सत्तावीस वर्षांचा. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, आठवड्यातले तीन दिवस घरूनच काम. व्यसन म्हणावे असे काही नाही. रात्रीची जेवणे आटोपली की तास-दीड तास संगणकावर मोटारींच्या शर्यती आणि साहसाचे खेळ, एवढीच काय ती चैन. त्यासाठी त्याने दोन वर्षांचा बोनस बाजूला ठेवला होता. पैसे त्याचे, म्हणून कुणाला ‘नको’ म्हणता येईना आणि किंमत अशी, की कुणाच्या तोंडून ‘घे’ही निघेना. अशा वेळी घरात जी शांतता पसरते, ती भांडणापेक्षा जड असते.

वडिलांची सारी नोकरी वीज मंडळात झालेली. त्यांनी खर्चाबद्दल अवाक्षर काढले नाही. फक्त म्हणाले, ‘‘साध्या मॉनिटरमध्ये आणि यात फरक काय, ते मला समजेल असं सांग.’’ आईचा प्रश्न निराळाच होता. ‘‘म्हणजे रात्रीसुद्धा आता तू आमच्याकडे पाठ करून बसणार, एवढंच ना?’’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुलाजवळ तयार होते. दुसऱ्याचे नव्हते.

काळा रंग खरोखर काळा

साध्या एलसीडी मॉनिटरमध्ये पडद्यामागे दिवे लावलेले असतात आणि पुढचे बारीक ठिपके झडपांसारखे उघड-मीट करून तो उजेड अडवतात. झडप कितीही घट्ट लावली तरी थोडा उजेड झिरपतोच. बंद दाराच्या फटीतून बाहेरच्या दिव्याची रेघ दिसावी, तसे ते असते. म्हणून रात्रीच्या दृश्यातला अंधार राखाडी दिसतो. ओएलईडीत मागचा दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळे दाखवायचे असेल तेव्हा स्वतःच विझतो.

सेंद्रिय रसायनांच्या पातळ थरांतून वीज सोडून कमी दाबावर चांगला प्रकाश मिळवण्याची ही युक्ती कोडॅक कंपनीच्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या संशोधकांनी १९८७ साली प्रसिद्ध केली. मोबाइल आणि टीव्हीमध्ये ती आधी रुळली. खेळणाऱ्यांच्या टेबलावर ती खऱ्या अर्थाने आली २०२२ साली, एलियनवेअरचा ३४ इंची वक्र मॉनिटर निघाला तेव्हा. त्यानंतर सॅमसंग, एलजी आणि इतर कंपन्यांनी ३२ पासून ४९ इंचांपर्यंत वक्र पडद्यांची रांगच लावली.

दुसरा गुण वेगाचा. साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. या वर्गातले मॉनिटर १७५ किंवा २४० वेळा बदलतात, म्हणजे दर चार-सहा हजारांश सेकंदाला नवे चित्र. एलसीडीचे ठिपके इतक्या झटपट रंग पालटू शकत नाहीत, त्यामुळे धावत्या वस्तूमागे धूसर शेपूट राहते. ओएलईडीत ते जवळजवळ दिसत नाही.

‘‘म्हणजे खेळासाठी चांगला. आणि दिवसभराच्या कामासाठी?’’ वडिलांनी विचारले. इथे मुलगा अडखळला, आणि खरी निवड इथूनच सुरू झाली.

वर्तमानपत्राचा पडदा

मुलाचे मन बसले होते ४५ इंची पडद्यावर, तेही ‘८०० आर’ वक्रतेच्या. हा आकडा म्हणजे वर्तुळाची त्रिज्या, मिलिमीटरमध्ये. ८०० आर म्हणजे ८० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. १८०० आर म्हणजे १ मीटर ८० सेंटिमीटर त्रिज्येचा. आकडा लहान तितका बाक जास्त. डोळा त्या वर्तुळाच्या मध्याजवळ असेल तर पडद्याचा प्रत्येक भाग साधारण सारख्या अंतरावर राहतो आणि मोटारीत बसून काचेतून रस्ता पाहत असल्याचा भास होतो.

वडिलांनी सल्ला दिला, ‘‘मापाचा कागद भिंतीला लाव आणि खुर्चीवर बसून बघ.’’ वर्तमानपत्रे जोडून ४५ इंची पडद्याचा आकार कापला गेला. रुंदी जवळजवळ सव्वातीन फूट! टेबल दोन फूट खोल. त्यातही मॉनिटरच्या स्टँडला जागा हवीच. कागदाची दोन्ही टोके पाहायला मुलाला मान वळवावी लागू लागली. मग ३४ इंची कागद लावला, रुंदी अडीच फुटांहून थोडी अधिक. तो नजरेत मावला. ज्या गोष्टीचा निकाल दुकानात लागला नसता, तो रद्दीच्या चार पानांनी लावला.

दुसरी अडचण अक्षरांची. २०२३च्या सुमारास आलेल्या ४५ इंची वक्र पडद्यांवर आडवे ३४४० आणि उभे १४४० ठिपके असतात. ३४ इंचीवरही नेमके तेवढेच. मोठ्या पडद्यावर ते पसरतात, म्हणजे इंचात सुमारे ८३ ठिपके. ३४ इंचीवर ते ११० च्या आसपास असतात. खेळात हा फरक खपतो, पण आठ तास तक्ते आणि प्रोग्रामच्या ओळी वाचायच्या तर अक्षरांचे काठ खडबडीत भासतात. शिवाय बऱ्याच ओएलईडी पडद्यांमध्ये लाल-हिरव्या-निळ्या ठिपक्यांची मांडणी नेहमीसारखी नसते, त्यामुळे अक्षरांना रंगीत किनार दिसू शकते. २०२५ मध्ये ४५ इंचांतच ५१२० गुणिले २१६० ठिपक्यांचा पडदा आला आणि ठिपक्यांची उणीव त्याने पुष्कळ भरून काढली. पण त्याची किंमत या घराच्या हिशेबाबाहेरची होती.

मग ३२ इंची ‘फोर-के’ वक्र पडदा का नको? त्यावर इंचात १४० च्या आसपास ठिपके, अक्षरे सुरेख. इथे आडवे आले संगणकातले ग्राफिक्स कार्ड. जुन्या साध्या मॉनिटरवर सुमारे २१ लाख ठिपके असत. ३४ इंचीवर सुमारे ५० लाख आणि फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख. हे सारे ठिपके सेकंदाला शंभर-दोनशे वेळा रंगवायचे काम कार्डाचे. मुलाचे कार्ड मधल्या दर्जाचे. घोडा दमदार नसताना रथ मोठा केला, तर तो ओढणार कोण? असा मॉनिटर घेतला असता, तर मागोमाग कार्डाचा खर्च दारात उभा राहिला असता.

डागाची भीती

ओएलईडीचे खरे दुखणे वेगळेच आहे. ठिपके सेंद्रिय पदार्थांचे, म्हणून वापरागणिक ते झिजतात. एकच आकृती एकाच जागी महिनोन्‌महिने उजळ राहिली, तर तिथले ठिपके शेजाऱ्यांपेक्षा अधिक झिजतात आणि पुसट सावली कायमची उमटते. मुलाच्या एका मित्राच्या पडद्यावर खेळातल्या कोपऱ्यातल्या नकाशाची अशीच खूण राहिली होती. पांढरे पान उघडले की ती दिसे. मित्राने वॉरंटीचा कागद काढून पाहिला, तर त्यात हा दोष बसत नव्हता.

यावर उपाय आहेत आणि ते अवघड नाहीत. खालची टास्कबारची पट्टी आपोआप लपेल असे करावे. पार्श्वभूमी गडद ठेवावी. उजेड गरजेपुरताच असावा. पाच मिनिटे काम थांबले की पडदा विझावा. याशिवाय मॉनिटर स्वतःही आपली देखभाल करतो. काही तासांच्या वापरानंतर तो बंद केला की स्टँडबायवर असताना ठिपके तपासून त्यांची झीज सारखी करण्याचे काम काही मिनिटे चालते. पण त्यासाठी भिंतीवरचे बटण चालू हवे.

आणि इथेच या घराची पंचाईत झाली. वडील रोज रात्री झोपण्यापूर्वी घरभर फिरून प्रत्येक बटण बंद करतात. टीव्हीचे, मिक्सरचे, मोबाइलच्या चार्जरचे. वीज मंडळात आयुष्य घालवलेल्या माणसाला वाया जाणारे युनिट सहन होत नाही. ही सवय साऱ्या घराच्या अंगवळणी पडलेली. मुलाने ही अडचण सांगितली तेव्हा त्याला वाटले, आता प्रकरण इथेच संपणार. वडिलांनी मात्र दोन प्रश्न विचारले. ते काम किती मिनिटे चालते आणि त्याला वीज किती लागते? उत्तर ऐकून ते म्हणाले, ‘‘यंत्राची देखभाल म्हणजे उधळपट्टी नव्हे.’’ मॉनिटर आला त्या दिवशी बटणाशेजारी त्यांच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी चिकटली होती, ‘हे बटण सकाळी बंद करावे.’ मुलाला ‘घे’ हा शब्द शेवटपर्यंत कुणी म्हटला नाही, पण ती चिठ्ठी त्याने अजून काढलेली नाही.

टेबलाची दिशा

राहिला आईचा प्रश्न. त्याचे उत्तर अनपेक्षित वाटेने आले. मुलाचे टेबल पूर्वेच्या भिंतीला टेकलेले आणि पाठीमागे पश्चिमेची गॅलरी. दुपारनंतरचे ऊन थेट पडद्यावर. ‘क्वांटम डॉट’ प्रकारच्या ओएलईडी पडद्यांवर असा उजेड पडला की काळा रंग राखाडी-जांभळट दिसू लागतो, म्हणजे ज्या काळ्यासाठी पैसे मोजले तोच हातचा जातो. शिवाय सारा पडदा पांढरा असताना ओएलईडीचा उजेड बेताचाच असतो. भर उन्हाशी त्याला झगडता येत नाही. तेव्हा टेबल असे हवे, की खिडकी पाठीशी नको आणि समोरही नको, बाजूला हवी.

टेबल दक्षिणेच्या भिंतीकडे नेऊन आडवे वळवले आणि खिडकी डाव्या हाताला आली. त्या खोलीत हे जमवायचे तर खुर्चीचे तोंड दाराकडे होणे भागच होते. दारातून स्वयंपाकघर दिसते. आता आई ओटा आवरत असते आणि मुलगा हेडफोन एका कानावरून सरकवून तिला उत्तर देतो. वक्र पडदा एकाच खुर्चीसाठी बनवलेला असतो, शेजारी बसणाऱ्याला तो वाकडाच दिसतो, हे खरे. आईची तक्रार म्हणूनच अगदी निराधार नव्हती. पण खेळणाऱ्याने घराकडे पाठ करायची की तोंड, हे पडद्याची कंपनी ठरवत नाही.

अखेर घेतला तो ३४ इंची, १८०० आर वक्रतेचा मॉनिटर. ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचाही थोडा हातभार लागला. उरलेल्या पैशांतून पाठीला आधार देणारी खुर्ची आली. मानेचे आणि डोळ्यांचे दुखणे कुठल्याही वॉरंटीत बसत नसते!

अशी खरेदी प्रत्येकाची वेगळी असेल. स्पर्धेतले नेमबाजीचे खेळ खेळणाऱ्यांना लहान आणि सपाट पडदाच सोयीचा पडतो. प्लेस्टेशन ५ जोडायचा असेल, तर रुंद पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात, कारण तो रुंद चित्र देतच नाही. तिथे ३२ इंची फोर-के बरा. घराचे नकाशे काढणाऱ्यांना वळलेल्या पडद्यावर सरळ रेघ वाकल्यासारखी भासू शकते. दिवसभर एकच तक्ता उघडा ठेवून बसणाऱ्यांनी तर ओएलईडीचा मोह टाळून चांगला एलसीडीच पाहावा. आणि कुणीही घ्या, डागाची हमी आहे का, किती वर्षांची, हे कंपनीच्या लेखी अटींत वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

दुकानातल्या काळोख्या दालनात सगळेच पडदे देखणे दिसतात. आपल्या टेबलाची खोली, खिडकीची दिशा, संगणकाचा दम आणि घरातल्या माणसांच्या सवयी त्या दालनात दिसत नाहीत. त्या घरीच मोजाव्या लागतात आणि एकट्याने मोजून भागत नाही. लाख रुपये खर्चण्यापूर्वी घरच्यांचे प्रश्न ऐकून घेतले तर वस्तू महाग होत नाही, उलट नेमकी मिळते.