परक्या पंगतीत

परदेशी निघालेल्या शाकाहारी माणसाची शिदोरी दशम्यांची असते, तशीच ती शब्दांचीही असावी लागते. गेल्या वर्षी चिरंजीवांच्या आग्रहास्तव आम्ही उभयता जपानला गेलो, तेव्हा सौ.ने धामनोदहून भाजणी, मेतकूट आणि सातूचे पीठ बांधून घेतले होते. आठवड्यात ते सरले.

बुद्धाचा देश, तेव्हा अन्नाची चिंता नसावी, अशी तिची समजूत. इतिहासही काहीसा तिच्या बाजूचा. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मूने वर्षातील काही महिने गाय, घोडा, कुत्रा, वानर व कोंबडी यांचे मांस वर्ज्य ठरविले होते. पुढे १८७२ मध्ये सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि जुना संकोच ओसरू लागला. मात्र त्या प्राचीन बंदीत मासा नव्हताच! म्हणूनच 'मांस नको' म्हटले, तरी यजमान निःशंकपणे मिसोचे सार पुढे ठेवतो. आणि त्याचा पाया असलेली 'दाशी' बहुधा वाळविलेल्या माशाच्या किसाची असते.

चिरंजीवांच्या शेजारच्या वृद्ध बाईंनी आम्हांस जेवावयास बोलाविले, तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, विचारले तर त्यांना वाईट वाटेल आणि न विचारता जेवले तर मला." अखेर आम्ही चिरंजीवांकरवी आदल्या दिवशीच सारे स्पष्ट कळविले. बाई प्रसन्नपणे हसल्या. समुद्रातील कोंबू नावाची वनस्पती आणि वाळलेली अळंबी रात्रभर भिजवून त्यांनी सार केले. घरात कोणी वारले म्हणजे त्यांची आई असेच निरामिष रांधीत असे, हे सांगताना त्यांचे डोळे पाणावले. बौद्ध मठांतील 'शोजिन' स्वयंपाकाची ती रीत. आम्ही मागितलेली सवलत त्यांना आईची आठवण देऊन गेली!

१८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या, त्या लुगडे आणि शाकाहार दोन्ही सांभाळूनच. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी, बाविशी पुरी होण्याआधी, क्षयाने गेल्या. परक्या थंडीत, अठराव्या वर्षी, तो नियम पाळणे किती कठीण गेले असेल, याची कल्पना आम्हांस आता येते. आमच्यापाशी निदान दुभाष्या मुलगा होता.

व्रत आपले असते. त्याची गैरसोयही आपलीच. परंतु ते नम्रपणे, वेळेवर सांगितले, तर परक्या घरची चूलही आपल्यासाठी पेटते. न सांगता ताट परत सारणे, हा मात्र अन्नदात्याचा अपमान होय.