गाठीमागे दोन आणे

माणसाचे नाव आई-बाप कौतुकाने ठेवतात. पिकाच्या नव्या वाणाचे नाव सरकारी खाते ठेवते आणि त्यात कौतुकाचा अंशही नसतो. असतो तो एक आकडा, आणि त्याच्या आधी दोन-तीन अक्षरे. जेएल-२४ हे भुईमुगाचे नाव, जेएलटी-७ आणि जेएलटी-२६ ही तिळाची. त्यातला 'जेएल' म्हणजे आमचे जळगाव. पुढे केव्हातरी खात्याला दया येते आणि आकड्याला एखादे गोडसे टोपणनाव मिळते. जेएल-२४ ची 'फुले प्रगती' झाली, जेएलटी-७ ची 'तापी' झाली, जेएलटी-२६ ची 'पद्मा' झाली. पण शेतकऱ्याची जीभ हट्टी असते. धुळे जिल्ह्यातले माझे मामा त्या भुईमुगाला अखेरपर्यंत नुसते 'चोवीस' म्हणत. "औंदा चोवीस चांगला उतरला," असे ते म्हणत, तेव्हा घरातल्या कुठल्यातरी हुशार मुलाविषयी बोलत असावेत असे वाटे.

या चोवीसची कुळकथा मोठी मौजेची आहे. त्याचे मूळ बी तैवानकडून आलेले. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रात ते पेरले गेले, त्यातली चांगली झाडे निवडली गेली, त्यांचे बी पुन्हा पेरले, पुन्हा निवडले, आणि १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हे वाण शेतकऱ्याच्या हाती आले. नव्वद-पंचाण्णव दिवसांत तयार होणारे, उपट्या जातीचे. ज्या मुलखात पाऊस आला तसा निघून जातो तिथे लवकर पिकणे हा सर्वांत मोठा गुण. पाहता पाहता ते महाराष्ट्राबाहेर गेले, देशभर गेले, आणि पुढे समुद्र ओलांडून आफ्रिकेत गेले. मलावी देशात तेच बी 'काकोमा' या नावाने नांदते आहे. तिथल्या एखाद्या म्हातारीने अंगणात काकोमाच्या शेंगा वाळत घातल्या असतील, तर त्या शेंगांचे आजोळ जळगावात आहे, हे तिच्या गावीही नसेल.

आता यातला हिशेब पाहा. मामांनी चोवीसचे बी एकदाच आणले. भुईमुगाचे फूल आपले आपणच फळते. त्यामुळे यंदाच्या शेंगेतून पुढल्या वर्षी तेच वाण उगवते. मामी चांगल्या टपोऱ्या शेंगा बाजूला काढी, वाळवून कणगीत भरी, वर कडुनिंबाचा पाला टाकी. कुणी शेजारी बी मागायला आला की मामा अहिराणीत अभिमानाने सांगत, "हाई बी मना घरनं शे!" आणि ते खरेच होते. एकदा दिलेल्या बियाण्याचा मालक दुसऱ्या वर्षी शेतकरीच असतो. शिवाय हेक्टरी शंभर किलोंच्या आसपास दाणे पेरायचे, ते पोत्यांनी वाहायचे, फार दिवस ठेवले तर त्यांची उगवण घटणार. अशा मालाचा धंदा कुठला शहाणा माणूस करील? दहा वर्षे शास्त्रज्ञ पोसा, शेत राखा, आणि अखेरीस गिऱ्हाईक तुमच्याकडून आयुष्यात एकदाच खरेदी करणार! व्यापाऱ्याला हा आतबट्ट्याचा व्यवहार. समाजाला मात्र तो फार किफायतीचा आहे. खर्च एकदा होतो आणि उत्पन्न दर खरिपात येत राहते. फक्त ते ज्याने खर्च केला त्याच्या वहीत जमा होत नाही, हजार वह्यांत विखरून जमा होते. म्हणूनच असा खर्च सर्वांनी मिळून करायचा असतो. सरकारी तिजोरी ही अखेर सर्वांच्या वर्गणीचीच पेटी आहे.

वर्गणीची ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९१७ साली हिंदुस्थानातल्या कापसाची चौकशी करायला एक समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून १९२१ मध्ये मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली, आणि १९२३ च्या कायद्याने रुईच्या प्रत्येक गाठीवर पट्टी बसली. ४०० पौंडांच्या गाठीमागे पहिली काही वर्षे चार आणे, मग दोन आणे. गाठ परदेशी जावो की इथल्या गिरणीत जावो, दोन आणे द्यायचेच. कुणाला ते जड गेले नाहीत, पण गाठींची संख्या लाखांनी होती. त्या आण्यांतून इंदूरची वनस्पतिसंशोधन संस्था उभी राहिली, १९२४ मध्ये माटुंग्याची प्रयोगशाळा निघाली, आणि गावोगावच्या कापूस-सुधारणेच्या कामाला पैसा मिळाला. इथल्या काळ्या जमिनीतून निघून जिनांत दाबल्या गेलेल्या गाठींनीही ते दोन आणे भरले आहेत.

पैशाची सोय झाली की वाद संपतो असे पुष्कळांना वाटते. खरे तर तिथून तो सुरू होतो. चांगला कापूस म्हणजे कोणता, हे कोणी ठरवायचे? त्या काळी खानदेशात 'रोझियम' नावाची पांढऱ्या फुलांची कपाशी पसरली होती. तिचा धागा आखूड आणि जाडाभरडा, पण रुईचा उतारा भरघोस. मणभर कापसातून जास्त रुई निघे, म्हणून शेतकरी तिच्यावर खूश. गिरणीवाल्याला मात्र लांब धागा हवा होता, कारण त्याला बारीक सूत काढायचे होते. शेतकरी वजन पाहत होता आणि गिरणी लांबी पाहत होती. दोघांचेही म्हणणे बरोबर होते. माटुंग्याच्या प्रयोगशाळेत सूत कातून पाहण्याची सोय होती. शेतकऱ्याच्या वर्षाचा हिशेब कातून पाहणारे यंत्र मात्र कुठेच नव्हते.

तरीही त्या झगड्यातून चांगले निघाले. १९३० नंतरच्या दशकात 'जरीला' आली. धागा रोझियमहून लांब आणि मर रोगाला दाद न देणारी. मर रोगाने उभे शेत दोन आठवड्यांत माना टाकताना ज्याने पाहिले आहे त्यालाच या गुणाची किंमत कळेल. गिरणीला लांबी मिळाली, शेतकऱ्याला झाड जगण्याची हमी मिळाली. जरीलाची पत एवढी वाढली की मुंबईच्या रुईबाजारात वायद्याच्या सौद्यांना तीच मापाची रुई धरली जाऊ लागली. मला यातून एक गोष्ट दिसते. पैसे देणाऱ्यांत जितक्या प्रकारची माणसे, तितके प्रश्न संशोधकाच्या पुढ्यात येतात, आणि दोन विरुद्ध प्रश्नांना एकच उत्तर शोधावे लागले की ते उत्तर टिकाऊ निघण्याचा संभव असतो.

१९६६ मध्ये ती समिती मोडली आणि कापसाचे संशोधन केंद्रीय कृषी अनुसंधान परिषदेकडे गेले. त्यानंतरची कथा बहुतेकांना ठाऊक आहे. १९७० मध्ये सुरतेच्या सरकारी केंद्रातून एच-४ ही संकरित कपाशी बाहेर पडली. व्यापारी प्रमाणावर लावली गेलेली जगातली ती पहिली संकरित कपाशी. संकरित बियाणे दर वर्षी नवे घ्यावे लागते, म्हणजे तिथे धंद्याला जागा झाली. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि ती जागा पुरती भरून गेली. अर्ध्या किलोहून हलके पाकीट, पण त्याची किंमत सुरुवातीला सोळाशे-अठराशे रुपये होती. सरकारांनी हात घातल्यावर २००६ नंतर ती खाली आली. भुईमुगाचे पोते आणि कपाशीचे पाकीट शेजारी शेजारी ठेवले, की पैसा कुणाकडे धावतो हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

सरकारी संस्थांनीही आपली बीटी कपाशी काढण्याचा प्रयत्न केला. 'बिकानेरी नरमा' या सरळ वाणात कीड मारणारा जनुक घालून नागपूरच्या संस्थेने, धारवाड आणि दिल्लीच्या संस्थांच्या साथीने, २००९ मध्ये ते बाजारात आणले. त्याचे बी शेतकऱ्याला घरी राखता आले असते. पण त्या बियाण्यात खाजगी कंपनीच्या कपाशीतला अंश असल्याचे आढळले, विक्री थांबली, चौकशी झाली. पुढे २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीची बोंडे पोखरली, तेव्हा शेतकऱ्यापुढे निवडीला फारसे काही उरले नव्हते. ९० टक्क्यांहून अधिक क्षेत्र त्याच एका जनुककुळाखाली गेले होते. सार्वजनिक प्रयोग फसला की त्याची किंमत फक्त खर्ची पडलेल्या अनुदानाएवढी नसते. शेतकऱ्याची दुसरी वाट बंद होते, ही खरी किंमत.

पण धंदा म्हटला की नाक मुरडावे, असेही नाही. रावेर-यावलच्या केळीबागा पाहा. १९९० नंतरच्या दशकात जळगावच्या जैन उद्योगसमूहाने प्रयोगशाळेतल्या बाटलीत वाढवलेली 'ग्रँड नैन'ची रोपे शेतकऱ्याला दिली, सोबत ठिबक दिले, आणि इथल्या केळीचे रूप पालटले. तिथे गिऱ्हाईक पुन्हा येते, म्हणून खाजगी भांडवल टिकते. त्यात सरकारने उगाच शिरण्याचे कारण नाही. मात्र दोन-तीन वर्षे या बागांवर काकडीच्या विषाणूचा रोग आला आणि लोकांनी उभी झाडे उपटून बांधावर टाकली, तेव्हा प्रश्न निघाला : रोप निरोगी आहे हे कोणी सांगायचे? विकणाऱ्याने सांगितलेले पुरेसे नसते. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये अशा रोपांच्या तपासणीची आणि प्रमाणपत्राची व्यवस्था सुरू केली, तिचे महत्त्व अशा वेळी कळते. मापे विकणाऱ्याची असली तरी तराजू सार्वजनिक हवा.

बाजरीची गोष्ट याहून नाजूक आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे बाजरीचे काम धुळ्याला चालते. त्या विद्यापीठाने आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅटने मिळून 'धनशक्ती' हे लोहाचे प्रमाण वाढवलेले वाण दिले. २०१४ मध्ये ते देशभरासाठी प्रसृत झाले. त्याचे पूर्वज आफ्रिकेतल्या टोगोचे. म्हणजे आपण त्या खंडाला भुईमूग दिला आणि बाजरी घेतली, असे म्हणायला हरकत नाही. आमच्या पाचोऱ्याच्या निर्मल सीड्स कंपनीने ते बाजारात नेले. महाराष्ट्रातल्या खेड्यांतल्या शाळकरी मुलांना ही बाजरी खाऊ घालून पाहिली, तेव्हा त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा सुधारल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. इथवर सारे छान. पण लोह डोळ्यांना दिसत नाही. बाजारसमितीत धनशक्तीची बाजरी आणि साधी बाजरी एकाच ढिगात पडते, एकाच भावाने जाते. ज्या मुलीच्या डोळ्यांखालचा फिकटपणा तिने जाणार, तिच्या हातात पैसा नाही, आणि ज्याच्या हातात पैसा आहे त्याला लोहाची वाण नाही. इथे सरकारने नुसते वाण काढून भागत नाही. शाळेच्या पोषण आहारासाठी ती बाजरी वेगळी, चार पैसे जास्त देऊन, विकतही घ्यायला हवी. नाहीतर प्रयोगशाळेचा खर्च शेवटच्या पावलाशी येऊन अडतो.

आता पैसा येतो आहे, नाही असे नाही. २०१२ मध्ये जैवतंत्रज्ञानाच्या उद्योगांना हात देण्यासाठी बायरॅक ही सरकारी कंपनी निघाली; नव्या कल्पनेला १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत मदत मिळते. २०२४ च्या ऑगस्टात जैव-उत्पादनाचे बायोई-३ धोरण संमत झाले. १ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन आणि नवोपक्रमासाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तिचा भर खाजगी क्षेत्राला कमी व्याजाचे किंवा बिनव्याजी दीर्घ मुदतीचे कर्ज देण्यावर आहे. देशाच्या उत्पन्नाच्या ०.६४ टक्केच रक्कम आपण संशोधनावर घालतो, तेव्हा या घोषणांचे स्वागतच करायला हवे. विषाणू ओळखणारी चाचणी, लस, औषध, जैविक खत, या गोष्टी कारखान्यापर्यंत पोचवायला असाच पैसा लागतो.

पण कर्ज म्हटले की परतफेड आली, आणि परतफेड म्हटली की विकण्याजोगी वस्तू आली. मामांच्या कणगीतला भुईमूग कर्ज फेडू शकत नाही. अठरा महिन्यांत खरीप फार तर दोनदा येतो. वाण सिद्ध व्हायला आठ-दहा खरीप लागतात, आणि त्यातला एखादा दुष्काळात जातो. म्हणून या नव्या मोठ्या थैल्यांकडे पाहताना मला जुन्या छोट्या थैलीची काळजी वाटते. एखाद्या संशोधन केंद्रावर निवृत्त झालेल्या माणसाच्या जागी माणूस आला नाही, तर त्या वर्षी कुणालाच काही जाणवत नाही. जाणवते ते पंधरा वर्षांनी, नवा रोग आल्यावर, आणि तेव्हा दोष कुणाला द्यायचा हेही विसरलेले असते.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा नाही. सरकारी केंद्रांतही सुस्ती असते. कितीतरी वाणे अहवालाच्या पानांवर जन्मतात आणि तिथेच निजतात. खाजगी कंपनीचा माणूस शेतकऱ्याच्या बांधावर येतो, केंद्राचा माणूस शेतकऱ्याने यावे अशी वाट पाहतो. हे सारे मान्य करूनही मला वाटते, सुस्तीवर उपाय प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या वाढवणे हा आहे. केंद्राचे पाणी तोडणे हा नव्हे. पैसा वाटणाऱ्या समितीत उद्योगपती असावेत, शास्त्रज्ञ असावेत, आणि शिंदखेड्याचा एखादा कोरडवाहू शेतकरी आणि शिरपूरची एखादी अंगणवाडी सेविकाही असावी. प्रत्येक प्रस्तावाला त्यांनी दोन साधे प्रश्न विचारावेत : ही वस्तू पुन्हा पुन्हा विकली जाणार असेल, तर आमचा पैसा कशाला? आणि ती एकदाच द्यायची असेल, तर आमच्याशिवाय देणार कोण?

पहिल्या प्रश्नाने पुष्कळ पैसा वाचेल आणि दुसऱ्याने तो कुठे घालायचा ते कळेल. रुईच्या गाठी आजही जिनांतून बाहेर पडतात. अमळनेर-चाळीसगावच्या जुन्या गिरण्यांची वाट न धरता त्या आता दूरदूरच्या सूतगिरण्यांना जातात. गाठीमागे दोन आण्यांच्या मोलाची वर्गणी आज किती होईल, हा हिशेब कुणीतरी जिनवाल्याजवळ बसून करायला हवा. मामांना विचारले असते, तर त्यांनी गाठींचा आकडा न ऐकताच पहिले दोन आणे काढून दिले असते. मात्र बी कुठले निवडता, ते बघायला मी शेतावर येणार, अशी अट घातली असती.