समोरच्या काकूंचा दीनार



वसईत आमचा शेजार बहुतेक ख्रिस्ती. समोरच्या काकूंचं आणि माझं चांगलं जमतं. त्यांच्या यजमानांची नोकरी लवकर सुटली, त्यांच्या धाकट्या बहिणीचा मात्र मोठा बंगला उभा राहिला. तरी काकूंच्या बोलण्यात बहिणीबद्दल कधी कडवटपणा येत नाही. हे कसं जमतं, असं मी त्यांना सरळच विचारलं. तेव्हा त्यांनी बायबलमधली एक गोष्ट सांगितली.

एक मळेवाला पहाटेच बाहेर पडतो आणि दिवसाला एक दीनार ठरवून द्राक्षमळ्यात मजूर लावतो. पुढे नऊला, बाराला, तीनला आणि दिवस संपायला तासभर उरला असताना पाचलाही तो आणखी माणसं आणतो. संध्याकाळी मजुरी वाटताना सुरुवात शेवटी आलेल्यांपासून होते. त्यांना पुरता दीनार मिळतो. पहाटेपासून राबलेल्यांना वाटतं, आपल्याला जास्त मिळणार. पण त्यांच्याही हातावर एकच दीनार पडतो आणि ते कुरकुरतात. मालक म्हणतो, ठरलं तेवढं दिलं, मग मी दुसऱ्याशी उदार वागलो याचा तुम्हाला त्रास का? मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायात ही गोष्ट आहे.

मला तर पहाटेच्या मजुरांचीच बाजू पटत होती. पहाटेपासून ओट्याशी उभं राहणाऱ्या कुठल्याही बाईला पटेल! काकू म्हणाल्या, "अगं, दीनार म्हणजे तेव्हाची मजुराची दिवसाची कमाई. सकाळी तेवढी ठरली तेव्हा ते खूश होते ना? दुसऱ्याच्या हातात पाहिलं आणि आपला दीनार लहान वाटायला लागला. पाचला आलेल्याच्या घरीही चूल होतीच की."

त्यांनी पेत्राचंही सांगितलं. येशू त्याला त्याचं काम सोपवतो, पुढे काय सोसावं लागेल तेही सांगतो. पेत्र मागे वळतो, दुसऱ्या शिष्याला पाहतो आणि विचारतो, मग याचं काय? येशूच्या उत्तराचा अर्थ असा की त्याचं काय ते तू नको पाहूस, तू माझ्या मागे ये.

वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी मराठीत आणलेलं 'सुबोध बायबल' काकूंकडे आहे. त्यातलं पौलाचं फिलिप्पीच्या लोकांना लिहिलेलं पत्र मी वाचलं. पौल तेव्हा कैदेत होता. लोकांनी पाठवलेल्या मदतीचे आभार मानताना तो सांगतो की भरपूर असो वा चणचण, समाधानी राहायला आपण शिकलो आहोत. 'शिकलो' हा शब्द मला फार धीर देऊन गेला. म्हणजे समाधान काही उपजत नसतं, आपल्यालाही ते शिकता येईल.

काकूंच्या समाधानाचं मूळ त्यांच्या श्रद्धेत आहे. देव पित्यासारखा आहे, त्याला माझी गरज ठाऊक आहे, हा त्यांचा भरवसा. आपण जगाचा कर्ता किंवा देणारा ईश्वर मानत नाही, त्यामुळे हा भरवसा जसाच्या तसा आपला होणार नाही. आपली वाट उत्तम शौच धर्माची, मनातला लोभ धुऊन काढण्याची. परिग्रह-परिमाण व्रतात आपण आपली मर्यादा स्वतःच आखतो. त्या देणाऱ्यावर विसंबतात, आपण घेण्याला कुंपण घालतो. पण दुसऱ्याच्या ताटात डोकावायचं नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

आणि हे मला साड्या-दागिन्यांपेक्षा धर्मकार्यात जास्त लागतं. दशलक्षण पर्वात कोणी दहा उपवास करतं, कोणी पाच. औषधांमुळे मला एकाशनही झेपत नाही. "तुमचे किती?" असं विचारलं की घशाशी आवंढा येतो. तप म्हणजे कषाय कमी करायचे, आणि आपण त्याचीही मोजणी मांडून बसतो!

यंदा मी एक रस सोडणार आहे आणि रोज अर्धा तास स्वाध्याय करणार आहे. माझ्या तब्येतीला झेपेल एवढाच हा दीनार, पण तो माझा आहे. दहा उपवास करणाऱ्या बहिणीची मनापासून अनुमोदना करायची आणि आपला नेम निभवायचा. तुम्हीही आपापला नेम आपल्या शक्तीकडे पाहून ठरवा. शेजारणीने काय घेतलंय, ते त्यानंतर विचारलं तरी चालेल.