प्रेक्षकाची खुर्ची

प्रेक्षक म्हणून माझ्या अंगीं कांहीं गुण आहेत, असें मी आजवर समजत आलों. नाटक चालू असतांना मी बोलत नाहीं, खाऊची पुडी सोडीत नाहीं, आणि रटाळ प्रवेशांतहि शेजाऱ्याची झोप मोडेल इतकी मोठी जांभई देत नाहीं. मोबदल्यांत माझी अपेक्षा एकच. नटमंडळींनीं आपलीं सुखदुःखें आपल्यापाशीं ठेवावींत व मला माझ्या खुर्चींत स्वस्थ बसूं द्यावें. गेल्या पावसाळ्यांत एका रविवारीं हा करार मोडला.

एका मित्रानें मला आग्रहानें एका शाळेच्या सभागृहांत नेलें. तिथें पडदा नव्हता, रंगमंच नव्हता. चारी बाजूंनीं खुर्च्या मांडलेल्या, आणि मध्यें एक टेबल व चहाचे पेले. या प्रकाराला फोरम थिएटर म्हणतात. त्याचा जनक ऑगस्तो बोआल (१९३१–२००९) हा ब्राझीलचा नाटककार. तिथल्या लष्करी राजवटीनें १९७१ सालीं त्याला पकडलें, आणि पुढें त्याला देश सोडावा लागला. १९७३ सालीं पेरूमध्यें साक्षरतेचें काम करतांना घडलेली एक गोष्ट त्यानें लिहून ठेवली आहे. एका निरक्षर बाईचा नवरा तिला कांहीं कागद जपून ठेवायला देत असे. घराच्या पावत्या म्हणून तिनें जपलेले ते कागद निघाले त्याच्या प्रेयसीचीं पत्रें! आतां या बाईनें काय करावें, तें प्रेक्षकांनीं सांगावें व नटांनीं करून दाखवावें, असा बेत होता. प्रेक्षकांतल्या एका धिप्पाड बाईला मात्र नटांनीं केलेलें कांहींच पटेना. शेवटीं बोआलनें तिलाच पुढें बोलावलें. तिनें केरसुणी घेऊन त्या नवऱ्याला, म्हणजे बिचाऱ्या नटाला, झोडपून काढलें. तेव्हांपासून प्रेक्षक नाटकांत शिरला, तो कायमचा.

आमच्या त्या सायंकाळच्या नाटकांतहि एक कागदच होता. वडिलांच्या पश्चात् धाकटा भाऊ थोरल्या बहिणीपुढें हक्कसोडपत्र ठेवतो. आई गप्प बसून राहते. बहीण सही करते. वीस मिनिटांत खेळ संपला. हिंदु वारसा कायद्यांतील २००५ सालच्या दुरुस्तीनें वडिलार्जित मिळकतींत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, हें सांगून सूत्रधार म्हणाला, "आतां हाच प्रवेश पुन्हा करूं. जिथें पटणार नाहीं तिथें 'थांबा' म्हणा, आणि बहिणीच्या जागीं येऊन बसा."

एक कॉलेजांतली मुलगी उठली. तिनें कायद्याचीं कलमें धडाधड सांगितलीं. भाऊ झालेला नट शांतपणें म्हणाला, "आतां माहेरीं येतांना कायदा घेऊन येणार का गं?" मुलगी अडखळली. मग एक प्रौढ बाई आल्या. "आधीं कागद मोठ्यानें वाच," एवढेंच त्या म्हणाल्या. भाऊ वाचूं लागला, पण तिसऱ्या ओळीनंतर त्याचा आवाज उतरला.

माझ्यानें बसवेना. मी उठलों आणि सूत्रधाराला म्हणालों, "मला भावाचें काम द्या. मी तो कागदच फाडून टाकतों."

तो हंसला. "भाऊ आपण होऊन चांगला झाला, तर बहिणीला करायला कांहींच उरत नाहीं. यायचें असेल तर तिच्या जागीं या."

मी बहिणीच्या खुर्चींत बसलों. भाऊ उभा होता. आई माझ्याकडे न पाहतां पेला पुशीत होती. पेन पुढें करून तो म्हणाला, "रीतीपुरती सही आहे, ताई. माहेर कुठें पळून जातंय?"

मला कायदा ठाऊक होता. उत्तरें पाठ होतीं. तरी त्या खुर्चींतून पाहतांना उभा असलेला भाऊ फार उंच दिसत होता, आणि त्याच्या मागें चुलीचा, दिवाळीचा, माहेरपणाचा उंबरा दिसत होता. मीं पेन घेतलें आणि सही केली.

सारें सभागृह हंसलें. पुरुष बहिणीच्या जागीं बसतो आणि हक्क सोडतो, हें त्यांना गमतीचें वाटलें असावें. मला हंसूं आलें नाहीं. कारण तें वाक्य त्या नटाचें नव्हतें. नऊ वर्षांपूर्वीं, दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेरच्या बांकावर, तें मीं म्हटलें होतें. जवळजवळ त्याच शब्दांत. ताईनें आनंदानें सही केली, असें मी तेव्हांपासून सर्वांना सांगत आलों होतों. ती हंसली होती, हें खरेंच आहे. पण त्या दिवशीं मी उभा होतों आणि ती बसली होती.

रात्रीं तिला फोन केला. नाटकाची हकीकत सांगितली. माझी सहीहि सांगितली. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "त्या कागदांत काय लिहिलं होतं रे? तू वाचून दाखवला नव्हतास."

येत्या रविवारीं मी तिच्याकडे जाणार आहें. कागद बरोबर नेणार आहें, आणि सबंध वाचणार आहें. तिसऱ्या ओळीनंतर माझा आवाज कसा राहील तें आज सांगवत नाहीं. पुढें काय करायचें तें मीं ठरविलेलें नाहीं. तें ठरविण्याची खुर्ची माझी नव्हे.