एका खिडकीचा बंदोबस्त

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात, जिथे तळमजल्यावर झेरॉक्सची दुकाने, त्यावर स्पर्धापरीक्षांचे क्लास आणि त्याहून वर करसल्लागारांची दप्तरे अशी मांडणी जागोजाग दिसते, तेथे संगणकांची देखभाल करीत असताना ज्या कामात मला कारागिरीचे खरे समाधान लाभते, ते दिसायला अगदीच क्षुल्लक आहे: रोज लागणारे एखादे संकेतस्थळ ब्राउझरच्या गर्दीतून उचलून त्याला स्वतःची खिडकी आणि स्वतःचे चिन्ह देणे, म्हणजे कारकुनाच्या लेखी त्याचा एक स्वतंत्र प्रोग्रॅमच करून टाकणे.

कल्पना माझी नव्हे. २००७ साली मोझिलाने ‘प्रिझम’ या नावाने तिचा प्रयोग केला आणि पुढे तो सोडूनही दिला. सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या क्रोमने मात्र ही सोय प्रथमपासून अंगी बाळगली. शॉर्टकटच्या रकान्यात ब्राउझरच्या नावापुढे दोन आडव्या रेघा, ‘अ‍ॅप’ हा शब्द, बरोबरचे चिन्ह आणि संकेतस्थळाचा पत्ता एवढे लिहिले की टॅब, बुकमार्क आणि पत्त्याची पट्टी गळून जाते व निखळ पान उरते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ राजधानी झाली, तेव्हा नागपूरच्या सचिवालयातून जी कारकून मंडळी इकडे रुजू झाली, त्यांतल्या एकाचा मी नातू. त्यामुळे ज्या त्या प्रकरणाचा रुमाल वेगळा बांधलेला असावा, हा संस्कार घरातलाच. करसल्लागाराकडे एकाच संकेतस्थळावर अनेक अशिलांची खाती असतात, आणि एकाच ब्राउझरमध्ये दुसऱ्याचे खाते उघडू जाता पहिल्याचे मिटते. म्हणून प्रत्येक अशिलाच्या शॉर्टकटला मी प्रोफाइलचा निराळा फोल्डर नेमून देतो. मग दोन खिडक्या शेजारीशेजारी उघड्या राहूनही एकीच्या कुकीज दुसरीत मिसळत नाहीत, आणि अशील सोडून गेला की त्याचा फोल्डर काढून टाकला म्हणजे प्रकरण दप्तरातून निकाली निघते.

“साहेब, ती वरची पट्टी कुठं गेली?” असे एका वयोवृद्ध मुनीमजींनी विचारले, आणि प्रश्न बिनतोड होता. पत्ता हा त्या व्यवहारातला साक्षीदार. तोच दृष्टीआड केल्यावर समोरचे पान अस्सल की बनावट हे ठरवायचे कशावरून? परक्या पत्त्यावर गेल्यास काही ब्राउझर वर एक बारीक पट्टी दाखवतात खरे, परंतु मुदतीच्या शेवटच्या दिवशी घाईत असलेल्या माणसाची नजर तिकडे जाईल, असा भरवसा मी धरीत नाही. तेव्हा प्रत्येक प्रोफाइलमध्ये मी एक लहानशी यूजरस्क्रिप्ट बसवतो. ती फक्त नेमून दिलेल्या पत्त्यावरच चालते, आणि पानाच्या शीर्षकाआधी अशिलाचे नाव व मुनीमजींनी स्वतः निवडलेली, बाहेर कोणाला ठाऊक नसलेली एक खूण लिहिते; खूण टास्कबारवर दिसली नाही, तर हात आवरायचा. ओळी मोजक्याच असतात, आणि त्या मी अशिलाच्या माणसाला वाचून दाखवल्यावाचून चालू करीत नाही.

बँकेच्या संकेतस्थळाची अशी खिडकी मात्र मी कोणालाही करून देत नाही. मार्चअखेरीस मागणी वाढते, क्वचित वादही होतो; परंतु स्क्रिप्ट चालवणाऱ्या एक्स्टेन्शनला पान वाचण्याची मुभा द्यावी लागते, आणि जिथून पैसा हलतो तिथे ती मुभा देण्यास माझे मन धजत नाही. अशांना मी साधा बुकमार्क करून देतो, पत्त्याची पट्टी शाबूत ठेवून, आणि त्याचे पैसे घेत नाही.