दिल्लीच्या टेकडीवरचे कागलकर

दिल्लीत कुणा मराठी माणसाला ‘हिंदूराव’ म्हणून विचाराल तर उत्तर ठरलेलं आहे: ‘ते हॉस्पिटल ना?’ महापालिकेचं मोठं रुग्णालय आहे ते. उत्तर दिल्लीच्या लोकांची तिथे कायम ये-जा असते. सदर बाजाराजवळच्या एका वस्तीचं नावही ‘बाड़ा हिंदूराव’. हा बाड़ा म्हणजे आपला वाडाच. पण हे हिंदुराव कोण, असं विचारलं की पुढचा माणूस खांदे उडवतो. काहींना तर ते देवाधर्माचं नाव वाटतं.

ते होते आपल्या कोल्हापूरजवळच्या कागलचे. आडनाव घाटगे.

माणसाकडे वळण्याआधी जागा बघून घेऊ. गुजरातेतून निघालेली अरवलीची रांग राजस्थान ओलांडून दिल्लीत येते आणि वझिराबादला यमुनेपाशी संपते. दिल्लीकर तिला ‘रिज’ म्हणतात. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हिला डोंगर म्हणताना हसूच येईल. या उत्तर टोकाला तिची उंची शहरापेक्षा जेमतेम पन्नास-साठ फूट भरते. पण खडक फार जुना, कोट्यवधी वर्षांपूर्वीचा कठीण क्वार्टझाइट. त्यावर काटेरी झुडपं आणि माकडंच माकडं. हातात केळी घेऊन जाऊ नका, हा अनुभवाचा सल्ला! सपाट दिल्लीत पन्नास फूटही पुष्कळ होतात. इथे उभा राहणारा माणूस सगळ्या शहरावर नजर ठेवू शकतो. या टेकडीचा बहुतेक इतिहास एवढ्या एका गोष्टीतून घडला.

चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाने इथे शिकारीचा महाल बांधला. त्यातला ‘पीर गायब’ नावाचा उरलासुरला भाग आज रुग्णालयाच्या आवारातच आहे, शेजारी जुनी बावडीही आहे. मेरठचा अशोकस्तंभही फिरोजशाहानेच इथे आणून उभा केला. पुढे फर्रुखसियरच्या काळात, १७१३ ते १७१९ च्या दरम्यान, दारूगोळ्याच्या स्फोटात त्या स्तंभाचे पाच तुकडे झाले. हे तुकडे लक्षात ठेवा.

आता घाटग्यांकडे येऊ. सखाराम घाटगे म्हणजेच सर्जेराव, हे नाव पुण्याच्या इतिहासात चांगल्या अर्थाने येत नाही. दौलतराव शिंद्यांचा कारभारी म्हणून त्याने पुण्यातल्या सावकारांकडून आणि मानकऱ्यांकडून ज्या रीतीने पैसा उकळला, ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. त्याची मुलगी बायजाबाई. १७९८ मध्ये तिचं लग्न पुण्यात दौलतरावांशी झालं. हिंदुराव हे तिचे भाऊ, म्हणजे शिंद्यांचे मेहुणे.

त्या वेळी दिल्ली शिंद्यांच्या हातात होती. महादजींनी बादशहा शाहआलमला आपल्या छत्राखाली घेतलं होतं. मग ११ सप्टेंबर १८०३ ला यमुनेच्या पलीकडे पटपडगंजला लढाई झाली. इंग्रजांच्या जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली गेली. आज तिथे सोसायट्या उभ्या आहेत, कित्येक मराठी कुटुंबंही राहतात.

१८२७ मध्ये दौलतराव वारले. बायजाबाईंनी ग्वाल्हेरचा कारभार हाती घेतला आणि सहा वर्षं खंबीरपणे चालवला. १८३३ मध्ये दत्तक मुलगा जनकोजीराव याच्या बाजूच्या लोकांनी त्यांना ग्वाल्हेरबाहेर काढलं. बहिणीची सत्ता गेली तसं भावाचंही तिथलं बस्तान उठलं, आणि हिंदुराव दिल्लीला येऊन राहिले.

इथे योगायोग कसा झाला बघा. टेकडीवर इंग्रज अधिकारी विल्यम फ्रेझर याने एक प्रशस्त बंगला बांधला होता. २२ मार्च १८३५ च्या रात्री तो घरी परतत असताना बंगल्याजवळच कुणीतरी त्याच्यावर गोळी झाडली. फिरोजपूर झिरक्याचे नवाब शम्सुद्दीन यांनी हा खून करवल्याचा ठपका आला आणि त्याच वर्षी त्यांना फाशी झाली. (शायर दाग़ देहलवी हे याच नवाबांचे चिरंजीव.) रिकामा झालेला बंगला हिंदुरावांनी विकत घेतला. मेहुण्याच्या हातून जी दिल्ली निसटली, तिच्या डोक्यावरचं घर बत्तीस वर्षांनी हिंदुरावांनी पैसे मोजून घेतलं!

बंगल्याबरोबर आवारात पडलेले अशोकस्तंभाचे तुकडेही आले. कोरीव अक्षरांचे ते दगड हिंदुरावांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीला देऊन टाकले. त्याच काळात जेम्स प्रिन्सेप तिथे बसून अशोकाची ब्राह्मी लिपी उलगडत होता. मला वाटतं, हिंदुरावांची आठवण फक्त यासाठी ठेवली असती तरी पुरेसं होतं.

पण आठवण राहिली ती वेगळ्याच कारणाने. १८५७ चा उठाव पेटण्याआधीच हिंदुराव वारले होते. ८ जूनला इंग्रजांनी ही टेकडी घेतली आणि सप्टेंबरपर्यंत इथूनच दिल्लीवर तोफा डागल्या. ‘हिंदुरावचा बंगला’ हे त्यांचं सगळ्यात महत्त्वाचं ठाणं होतं. मेजर चार्ल्स रीडच्या हाताखालच्या सिरमूर पलटणीतल्या गुरख्यांनी ते लढवलं. शहरातून शिपायांचे हल्ल्यांवर हल्ले आले, पण ठाणं पडलं नाही. पलटणीतल्या ४९० जणांपैकी ३२७ जण ठार किंवा जखमी झाले. १८५८ मध्ये फेलिचे बिआटो या छायाचित्रकाराने टिपलेल्या चित्रात गोळ्यांनी चाळण झालेल्या बंगल्याच्या भिंती दिसतात. घर मराठी सरदाराचं, लढणारे गुरखे, फायदा कंपनी सरकारचा, आणि समोर मारले गेलेले आपलेच शिपाई. तिथे उभं राहिलं की अभिमान वाटावा की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

प्रत्यक्ष जायचं तर पुलबंगश मेट्रो स्थानकावर उतरा आणि राणी झाशी मार्गाने चढावाकडे निघा. आधी लाल दगडाचं अजितगढ लागेल. १८६३ मध्ये इंग्रजांनी आपल्या बाजूच्या मृतांसाठी उभारलेलं हे स्मारक. त्यावरच्या लेखात उठाव करणाऱ्यांना ‘शत्रू’ म्हटलं होतं. १९७२ मध्ये तिथे नवी पाटी लावली गेली: ज्यांना शत्रू म्हटलं आहे ते परकी सत्तेविरुद्ध लढलेले वीर होते, अशा अर्थाची. थोडं पुढे अशोकस्तंभ. पाचही तुकडे कलकत्त्याहून परत आणून जोडलेले आहेत. सांधे स्पष्ट दिसतात, मुलांना मोजायला सांगा.

स्तंभाखालच्या शिळेवर अशोकाचं नाव आहे, फिरोजशाहाचं आहे, १८६७ मध्ये तो पुन्हा उभारणाऱ्या ब्रिटिश सरकारचंही आहे. हिंदुरावांचं नाही. कागलला मात्र घाटगे घराणं सगळ्यांना ठाऊक आहे, कारण राजर्षी शाहू महाराज कोल्हापूरला दत्तक जाण्यापूर्वी याच घराण्यातले यशवंतराव होते.

सकाळी लवकर जा. ऊन चढलं की टेकडीवर सावली फारशी नसते, आणि रुग्णालयाच्या फाटकाशी रिक्षांची गर्दी होते.